तोंडाला काळं फासून आपण हसतो कोणाला?

(चांदवड येथे तरुण आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. सहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये आम्ही ‘आदिवासी नृत्य’ केलं. तव्याची काजळी तेलात कालवून तोंडाला, हातापायांना फासली. कमरेला झाडपाला, डोक्यात पिसं, हातात भाला. ‘झिंगालाला’ ओरडत उड्या मारल्या. लोक पोट धरून हसले, आम्हाला बक्षीस मिळालं. आमच्या वर्गातला एक भिल्ल मुलगा पुढच्याच रांगेत बसला होता. तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याचं नावच ‘झिंगालाला’ पडलं. पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता. का नव्हता, हे मी कधी विचारलंच नाही.

आम्हाला कोणाला दुखवायचं नव्हतं. पण आपल्या नाशिक जिल्ह्यात भिल्ल, कोकणा, महादेव कोळी, वारली राहतात. त्यांची पावरी आहे, तारपा आहे. आम्ही त्यातलं काहीच शिकलो नाही. काजळी फासली आणि म्हणालो, हे असे असतात.

हा खेळ जुना आहे. अमेरिकेत 1830 च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंड काळं करून ‘जिम क्रो’ नावाचं पात्र रंगवू लागला. वेडावाकडा नाचणारा, बावळट काळा माणूस. पुढे अशा नाटकमंडळ्या गावोगाव फिरल्या. जाळलेलं बूच तोंडाला लावायचं, ही त्यांची रीत. त्या वेळी लाखो काळी माणसं गुलामगिरीत होती. गुलामगिरी गेली, पण काळ्यांना वेगळं बसवणारे, वेगळं शिकवणारे कायदे आले. लोकांनी त्या कायद्यांना नाव दिलं ‘जिम क्रो’. रंगमंचावरच्या विनोदाचं नाव कायद्याला चिकटलं. ज्याला आधी हसण्यावारी नेलं, त्याचे हक्क काढून घेणं सोपं जातं.

आपल्याकडे 2019 मध्ये ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सुरू झाली. विषय चांगला होता, सावळ्या मुलीची होणारी अवहेलना. पण त्या भूमिकेसाठी अभिनेत्रीचा चेहरा मेकअपने सावळा केला. सावळ्या मुलीची गोष्टसुद्धा सावळ्या मुलीच्या वाट्याला आली नाही.

आता हा खेळ मोबाइलवर आलाय. 2022 मध्ये बीबीसीने मलावी देशातला एक प्रकार उघड केला. तिथल्या गरीब मुलांकडून चिनी भाषेत वाक्यं म्हणवून घेत, त्याचे व्हिडिओ विकले जात. एका व्हिडिओत ती मुलं स्वतःलाच कमी अकलेची म्हणत होती आणि हसत होती. अर्थ त्यांना ठाऊकच नव्हता.

मुस्लिम म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त आहे. पहिली अजान दिली ती हजरत बिलाल यांनी, आणि ते हबशी होते. हे आपण मिलादच्या सभेत अभिमानाने सांगतो आणि घरी सून पाहताना गोरीच शोधतो. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. खडकी शहर वसवलं, तिथे नहर आणली. रणात तो हाती लागेना, तेव्हा जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याला ‘काळतोंड्या’ म्हणून घेतलं. हरणाऱ्याला शिवीसाठी रंगच सापडला.

म्हणून एवढंच मागतो. गॅदरिंगच्या तालमी सुरू होतील, तेव्हा पालकांनी शाळेत जाऊन विचारावं, हा नाच कोणाचा, आणि त्यांना विचारलंत का? तरुणांनो, व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एक करा. त्यात ज्याची टिंगल आहे, तो माणूस तुमच्या शेजारी बसलाय असं समजा. त्याच्या देखत तो दाखवता येईल का? येत नसेल, तर तो तुमच्यापाशीच संपू द्या.

माझ्या शेजारी तो बसला होता. मी पाहिलं नाही. तुम्ही पाहा.