सुकट-भाकरी आणि सुशी

सुशी म्हटली की कच्च्या ताज्या माशाचा काप आणि त्याखाली भाताचा मुटका डोळ्यांपुढे येतो. पण जपानात भात आणि मासा एकत्र आले ते ताजेपणासाठी नव्हे, मासा टिकवण्यासाठी. बिवा सरोवराकाठी फुनाझुशी अजूनही करतात. वसंतात धरलेला मासा मिठात मुरवायचा, मग शिजलेल्या भातात दाबून महिनोन् महिने ठेवायचा. भात आंबतो आणि त्या आंबटपणामुळे मासा नासत नाही. पुढे भातातच व्हिनेगर घालून ती चव घटकेत आणली गेली आणि एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने वळलेली सुशी रूढ झाली.

ठाणे जिल्ह्यातल्या आसनगाव, शहापूर, मुरबाडच्या घरांतली तांदळाची भाकरी आणि सुकट हीसुद्धा अशाच गरजेतून जमलेली जोडी आहे. हा घाटाखालचा भातशेतीचा मुलूख, पण समुद्र हाताशी नाही. लावणी आषाढात येते, आणि नेमकी तेव्हा १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बंदीचा नियम नव्हता तेव्हाही खवळलेला दर्या नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावरच ठेवी. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीत बोंबील, जवळा, वाकटी भरून ठेवायची. चिखलात राबणाऱ्याला बांधावर नेता येईल, दुपारपर्यंत विटणार नाही असे कोरड्यास दुसरे कोणते?

कोणी म्हणेल, पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे ओढ्यांतून वर चढणारे, मासे मिळतातच की! मिळतात, पण थोडे दिवस. लावणी त्यानंतरही चालू असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तिथे मासा आंबवतात, इथे वाळवतात, मग साम्य कसले? फरक हवामानाचा आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवाळीपासून वैशाखापर्यंत कोरडे ऊन मिळते; बोंबील तर मिठाशिवायही बांबूंवर टांगून वाळतात. भात आंबवायची गरजच पडली नाही. आंबटपणा मात्र आपणही सोडला नाही, तो कैरीतून, आंबोशीतून किंवा चिंचेतून कालवणात येतो.

आता बर्फातला मासा टेम्पोने गावोगाव पोचतो, मग सुकट हवी कशाला, हा प्रश्न उरतो. बिवाकाठीही फ्रीज आहेत. तरी तिथे फुनाझुशी महागडा, मानाचा पदार्थ समजतात आणि आपण सुकटीला गरिबाचे खाणे म्हणतो. पाहुणा आला की आधी तिचा डबा मागे सरकवायचा आणि तो गेल्यावर तव्यावर लसूण-मिरची टाकायची, हा संकोच पदार्थाच्या चवीतून आलेला नाही.