जुन्या पिकअपची डिझेल टाकी: घडवण्याआधी आणि घडवताना



दूध, भाजी, खताची पोती वाहणाऱ्या जुन्या पिकअपची टाकी बहुतेकदा तळातून जाते. बाहेरून चिखल, आतून साचलेले पाणी, दोन्हीकडून पत्रा गंजतो. मूळ टाकी बाजारात मिळत असेल तर तीच बसवा. मिळतच नसेल, तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून नवी करून घेता येते. आज बोलणार आहे ते फक्त डिझेलच्या टाकीविषयी. पेट्रोलची टाकी मात्र घरगुती पद्धतीने करू नका. पेट्रोलची वाफ हिवाळ्याच्या पहाटेसुद्धा पेट घेऊ शकते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. जुन्या टाकीला किंवा तेलाच्या जुन्या ड्रमला वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग कधीही करू नका. टाकी रिकामी आहे, मग भीती कसली, असे अनेकांना वाटते. पण पेटते ती हवेत मिसळलेली वाफ, आणि तिला जागा मिळते ती रिकाम्या टाकीतच. डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंश, आपल्या मानकानुसार किमान ३५ अंश सेल्सिअस असतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा शेकडो अंशांपर्यंत तापतो. मग गंजाच्या पापुद्र्यात आणि सांध्यात मुरलेल्या डिझेलची वाफ होते, आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. पाण्याने धुतली, उन्हात उघडी ठेवली, तरी मुरलेले डिझेल निघत नाही. म्हणून नवी टाकी नव्या पत्र्याचीच करा.

पत्रा कोणता? साधा काळा पत्रा, १६ गेजचा, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा. खर्च झेपत असेल तर स्टेनलेस स्टील. गंजत नाही म्हणून जीआय पत्रा सुचवणारे भेटतील, पण तो नको. त्यावरचे जस्त डिझेलमध्ये उतरते, त्याचा साबणासारखा चिकट साका होतो आणि फिल्टर, नोझल तुंबतात. तांब्याची नळीही टाळा, तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होते. आतून रंग देऊ नका, त्याचे पोपडे सुटतात. बाहेरून प्राइमर आणि रंग हवाच.

आता माप. ९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, २५ उंच अशी टाकी घेतली तर तिच्यात साडेसदुसष्ट लिटर मावते. काठोकाठ मात्र भरायची नाही. उन्हात डिझेल फुगते. ६० लिटर डिझेल २० अंशांनी तापले तर सुमारे एक लिटरने वाढते. म्हणून वरची पाच टक्के जागा मोकळी राहील अशा बेताने भरणीचे तोंड बसवा. टाकीची उंची शक्यतो जुन्या टाकीइतकीच ठेवा, म्हणजे जुना फ्लोट आणि डॅशबोर्डवरचा काटा जुळतात.

६० लिटर डिझेलचे वजन ५० किलोच्या आसपास भरते. ब्रेक मारला की हे सगळे वजन पुढच्या पत्र्यावर आदळते आणि सांधे उकलतात. म्हणून आत लांबीला आडवे येतील असे दोन पत्रे बसवा. त्यांचे खालचे आणि वरचे कोपरे कापा, म्हणजे खालून डिझेल आणि वरून हवा फिरते.

इंजिनकडे जाणारी नळी तळापासून दीड सेंटिमीटर वर थांबवा, कारण पाणी आणि गाळ तळाशी बसतो. तो काढायला सगळ्यात खालच्या जागी ड्रेन प्लग ठेवा. इंजिनकडून परत येणारे डिझेल गरम आणि फेसाळ असते. त्याची रिटर्न नळी इंजिनकडे जाणाऱ्या नळीपासून दूर सोडा. हवेची नळी विसरू नका. ती नसेल किंवा तुंबली, तर टाकीत पोकळी तयार होते, इंजिन धापा टाकते आणि पत्रा आत चेपतो.

सांधे सीओटू किंवा आर्गन वेल्डिंगने सलग भरून घ्या. तपासणीसाठी गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा भरू नका. ९० बाय ३० च्या पत्र्यावर फक्त ०.१ बार दाब दिला, तरी त्यावर सुमारे २७० किलोचा भार येतो. कॉम्प्रेसरचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. त्याऐवजी बाकीची सगळी तोंडे बंद करा, भरणीच्या तोंडाला एक मीटर उंच पारदर्शक नळी जोडा आणि ती भरेपर्यंत पाणी ओता. तेवढा ०.१ बार दाब पुरतो. तासाभरात पातळी उतरली नाही आणि सांधे कोरडे राहिले, तर टाकी पास. नंतर ती आतून पूर्ण वाळवा.

टाकी बसवायची कुठे? अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९७३ ते १९८७ च्या पिकअपमध्ये टाकी चेसिसच्या चॅनेलबाहेर, बाजूला होती. बाजूने धडक बसल्यावर लागलेल्या आगींमुळे त्यावर मोठे वाद आणि खटले झाले. म्हणून शक्य तिथे टाकी चॅनेलच्या आतल्या बाजूस घ्या, सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टपासून दूर. ती चेसिसला वेल्ड करू नका. खड्ड्यात चेसिस पिळवटते आणि टाकीला चीर जाते. रबर लावलेल्या लोखंडी पट्ट्यांनी आवळा.

टाकीची जागा किंवा क्षमता बदलणार असाल, तर काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत.

टाकी बसली की आधी थोडेच डिझेल भरा, गाडी जवळपास फिरवा आणि सांधे हाताने चाचपून पाहा. पहिल्या आठवड्यात पट्टे पुन्हा आवळा आणि फिल्टर बदला. पुढे दर पावसाळ्यानंतर ड्रेन प्लग उघडून पाणी काढा. आणि कुणी जुनी टाकी घेऊन वेल्डिंगच्या दुकानाकडे निघालेला दिसला, तर त्याला तिथेच थांबवा.