हरितालिकेची सखी

(हरितालिकेच्या दिवशी मंडळात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आज कहाणी सांगण्याचे काम मंडळाने माझ्यावर सोपविले, म्हणून उभी राहिले आहे.

आज भाद्रपद शुद्ध तृतीया. आपण वाळूची पिंडी केली, पार्वती आणि तिची सखी मांडली, पत्री वाहिली. पुष्कळ मुलींना एवढेच ठाऊक असते की, चांगला नवरा मिळावा म्हणून हा उपास. परंतु कहाणी नीट ऐका. पार्वती उपवर झाली तेव्हा नारदांनी विष्णूचे स्थळ सुचविले. हिमालयाला ते पसंत पडले. मुलीला कोणी विचारले नाही. विष्णूपेक्षा मोठे स्थळ कोणते? तरी पार्वतीच्या मनात ते नव्हते. ती रागावून बसली. सखीने कारण विचारले आणि तिला अरण्यात नेले. तेथे गुहेत पार्वतीने वाळूचे लिंग पुजले, उपास केला, रात्र जागविली. शोधीत आलेल्या बापाला तिने आपले मन सांगितले, आणि बापाने ते मानले. हरिता म्हणजे नेलेली, आलि म्हणजे सखी. सखीने नेली म्हणून हरितालिका. व्रताला नाव मिळाले ते सखीमुळे.

लहानपणापासून ही कहाणी ऐकत आले, पण अर्थ कळला गेल्या वर्षी. माझी मुलगी दहावी झाली आणि स्थळ आले. मुलगा नोकरीचा, घर स्वतःचे, हुंडा नको. सर्वांना पसंत. खोटे कशाला बोलू, मलाही पसंत होते. रात्री भांडी घासताना मुलगी म्हणाली, "आई, मला कोणी विचारलेच नाही."

हातातले पातेले हातातच राहिले. हायस्कूल दुसऱ्या गावी, म्हणून माझी शाळा सुटली आणि सतराव्या वर्षी लग्न झाले. मलाही कोणी विचारले नव्हते, आणि मीही कोणाजवळ बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी घरात विषय काढला. अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सांगितले. हे म्हणाले, "लग्न दोन वर्षांनी करू, बोलणी तर करून ठेवू." मी म्हटले, "आधी तिला विचारा." दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी यांनी तिला जवळ बसवून विचारले. ती रडत रडत, पण सगळे बोलली. स्थळ गेले. सासूबाई अजून अधूनमधून त्याची आठवण काढतात. मुलगी आज बारावीत आहे.

मुलींनो, रानात पळून जा असे मी सांगत नाही. पण मनातले मनात ठेवू नका. आई, मावशी, शाळेतल्या बाई, मंडळातली एखादी काकू, कोणाला तरी सांगा. कोणीच ऐकले नाही तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो तुमच्यासारख्या मुलांकरिताच आहे.

आणि भगिनींनो, आपण पार्वतीबरोबर सखीलाही हळदकुंकू वाहतो. घरातली मुलगी काही सांगू लागली, तर हातातले काम बाजूला ठेवून आधी ऐकून घ्या. माझ्या मते तीही पूजाच आहे.