शेवटचं बोलणं तुमच्याशी झालेलं असतं



गेवराई आणि शेवगाव यांच्या मधल्या या उमापुरात अध्यक्षानं आयसीयूतल्या पेशंटच्या मेंदूतल्या रक्तस्रावावर बोलावं, हे काहींना विचित्र वाटलं असेल. असे पेशंट ज्या एक्मोच्या मशीनवर असतात, ते बघायलाही इथून मोठं शहर गाठावं लागतं. तरी हा विषय मी हट्टानं घेतला. फुफ्फुसं निकामी होत चाललेल्या पेशंटचं डोकं ठिकाणावर आहे का, हे त्याच्याशी बोलून तपासण्याची शेवटची संधी बहुतेक वेळा तुम्हा गेवराई तालुक्यातल्या डॉक्टरांना मिळते, आम्हा आयसीयूवाल्यांना नाही.

आधी मशीनचं सांगतो. १९७१ साली कॅलिफोर्नियात डॉ. डोनाल्ड हिल यांनी अपघातात जखमी झालेल्या एका तरुणाचं रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन भरून पुन्हा आत सोडलं. ७५ तास हे चाललं आणि तो वाचला. आपल्याकडे एक्मो हा शब्द घराघरांत पोचला तो कोविडमध्ये. मोठ्या शिरेत जाड नळी घालून रक्त बाहेर आणायचं, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढायचा, ऑक्सिजन भरायचा आणि परत पाठवायचं. पण रक्ताला प्लॅस्टिक सोसत नाही, ते गोठायला लागतं. म्हणून हेपरिन द्यायचं. हे औषध १९१६ च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती लागलं, तेही रक्त गोठवणारा पदार्थ शोधता शोधता! त्यात पंपाच्या घुसळणीत वॉन विलेब्रँड घटकाचे लांब रेणू तुटतात, प्लेटलेट घटतात. नळ्याही मोकळ्या ठेवायच्या आणि डोक्यातली नसही सांभाळायची, अशी ही कसरत आहे.

मला स्वतःला यातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो तो कार्बन डायऑक्साइडचा. पेशंट तासन्‌तास धापा टाकत असतो, गॅस साठत जातो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगून राहतात. मशीन लावल्याबरोबर गॅस धाडकन उतरवला, तर त्या तेवढ्याच वेगानं आकसतात. पॅरिसच्या ल्युईट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक्मोवरच्या १३५ पेशंटांची पाहणी मांडली. त्यांतल्या १० जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि तोही सुरुवातीच्या दिवसांत. मूत्रपिंड बंद पडलेलं असणं आणि गॅस झपाट्यानं उतरणं, या दोन गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. तेव्हापासून गॅस सावकाश उतरवा, असं आम्ही ज्युनिअरांच्या मागे लागतो. मॉनिटरवर लगेच सुंदर आकडे दिसावेत, हा मोह तरुण डॉक्टरांना आवरत नाही. आम्हाला तरी कुठे आवरायचा!

सगळा दोष मशीनवर ढकलून मोकळं होता येत नाही. २०१८ च्या एओलिया चाचणीत २४९ पेशंट होते. एक्मोच्या गटात रक्त द्यावं लागेल असा रक्तस्राव ४६ टक्क्यांना झाला, नेहमीच्या उपचारांच्या गटात २८ टक्क्यांना. प्लेटलेट फार खाली जाणंही एक्मोच्या गटात जास्त होतं. मेंदूतल्या रक्तस्रावात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. मूळ आजारच रक्ताची घडी विस्कटतो. डेंगी, लेप्टो, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग यांत फुफ्फुसं आणि प्लेटलेट एकदमच कोसळताना तुम्हीही पाहिलंय.

आता आमची अडचण ऐका. असा पेशंट आमच्याकडे पोचतो तोवर त्याला झोपेचं औषध दिलेलं असतं, स्नायू ढिले केलेले असतात, घशात नळी असते. त्याला दिवसाचे सोळा तास पालथं झोपवतो. बोलणं नाही, हातपाय हलवणं नाही. रक्तस्राव झाला तर पहिली खूण दिसते ती एका डोळ्याची बाहुली मोठी झाल्याची, आणि तेव्हा बराच उशीर झालेला असतो. सीटी स्कॅन करायचा तर नळ्या, पंप, सिलिंडर आणि चार माणसं घेऊन लिफ्टमध्ये शिरावं लागतं. स्कॅनमध्ये रक्त दिसलं की पुढचा प्रश्न : हे आत्ताचं की येतानाचंच? त्यावर हेपरिन थांबवायचं का, हे ठरतं. नातेवाईक सांगतात, "ताप डोक्यात गेला होता." त्यावरून काय ठरवणार?

उत्तर तुमच्या चिठ्ठीत असू शकतं. 'श्वासाचा त्रास, पुढील उपचारांसाठी पाठवत आहे' एवढंच लिहिलेली चिठ्ठी मला पुरत नाही. पेशंट आपलं नाव सांगत होता का, डोकं दुखतंय म्हणाला का, दोन्ही हात उचलत होता का, बाहुल्या सारख्या होत्या का, बीपी किती होतं, आणि हे सगळं किती वाजता पाहिलं, एवढं लिहा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारा. अँजिओप्लास्टी झालेली माणसं आता प्रत्येक वस्तीवर आहेत. तापात डायक्लोचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही लिहा. ते तुम्ही दिलं की दुसऱ्या कुणी, यावरून आम्ही भांडणार नाही. डेंगीची शंका असताना ते देऊच नये, हे मात्र अध्यक्ष म्हणून बजावतो.

चिठ्ठी नातेवाइकाच्या खिशात घामानं भिजते, कधी १०८ च्या गाडीतच राहते. म्हणून तिचा फोटो काढून तोही पाठवा. हे मुद्दे छापलेले कोरे कागद आयोजकांनी दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत. जाताना घेऊन जा. कमी पडले तर झेरॉक्स काढा.