दोघांचे ग्रंथघर



ग्रंथांविषयी बोलण्याचा अधिकार पंडितांचा. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. स्टँडिंग ऑर्डरचा मसुदा कसा वाचावा आणि कलमातल्या 'किंवा' ह्या शब्दाने कामगाराचे कसे नुकसान होते, हे आमचे पहिले वाङ्मयीन संस्कार. तेव्हा निवृत्त जोडप्याच्या घरच्या ग्रंथालयाचा विषय आम्ही आमच्याच वाटेने मांडला, तर आपण सांभाळून घ्यावे. असा विषय म्हटला की डोळ्यांपुढे काचेचे कपाट, कातडी बांधणी आणि आरामखुर्ची येते. आम्हांला जे जोडपे आठवते ते निराळे आहे.

इंग्लंडात मँचेस्टरला लागूनच सॉलफर्ड नावाचे गाव आहे. त्या परिसरात एडमंड फ्रो नावाचा टूलरूममधला कारागीर राहत असे. जन्म १९०६ चा. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. शाळा लवकर सुटली. १९२४ साली तो कम्युनिस्ट पक्षात गेला. पक्ष कोणता, याच्याशी आजच्या विषयापुरते आम्हांला कर्तव्य नाही. पण युनियनचे काम करतो म्हणून नोकरी जाणे म्हणजे काय, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते, एवढे सांगितले पाहिजे. १ ऑक्टोबर १९३१ रोजी सॉलफर्डच्या बेकारांनी भत्त्यातील कपातीविरुद्ध बेक्सली चौकात मोर्चा नेला. पोलिसांनी तो मोडला, आणि फ्रो पाच महिने तुरुंगात गेला. त्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबरात, गांधीजी लँकेशायरच्या बेकार गिरणी कामगारांना भेटून आले होते, हा योगायोग आपल्यापैकी कित्येकांना आठवेल.

त्याची पत्नी रूथ लंडनची, १९२२ सालची, पेशाने शिक्षिका. दोघांची गाठ पडली ती १९५३ साली, कामगार चळवळीच्या इतिहासावरील एका अभ्यासवर्गात. लग्नाच्या बोलण्यांत आपल्याकडे नोकरी, जमीन आणि पत्रिका पाहतात. ह्या दोघांनी एकमेकांची पुस्तके पाहिली असावीत. दोघांपाशी आपापला संग्रह होता, तो एकत्र झाला. पुढे ओल्ड ट्रॅफर्ड भागात किंग्ज रोडवर १११ क्रमांकाच्या साध्या घरात त्यांचा संसार आणि संग्रह दोन्ही वाढले. सुट्टी लागली की जुन्या मॉरिस गाडीतून गावोगावची जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळायची, हा त्यांचा प्रवास. एडमंड १९६१ ते १९७१ ह्या काळात इंजिनीअरिंग कामगारांच्या युनियनचा मँचेस्टरचा जिल्हा चिटणीस होता. ज्यांनी असे चिटणीसपद सांभाळले आहे त्यांना विचारा, रात्री घरी आल्यावर वर्तमानपत्र उघडण्याचे तरी त्राण उरते काय?

पण त्यांनी पुस्तके पुष्कळ जमवली, यात आमच्या मते त्यांचे मोठेपण नाही. पुस्तके सावकारही जमवतो. त्यांनी काय जमवले ते पाहिले पाहिजे. युनियनांच्या नियमावल्या, सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या, संपाची पत्रके, बिल्ले, निशाणे, एका सभेपुरती छापलेली चार पानांची चोपडी. टॉमस पेनचे ग्रंथ होते, चार्टिस्ट चळवळीचे वाङ्मय होते, १८१९ साली मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानात सभेवर घोडे घातले गेले त्या पीटरलूच्या प्रकरणाचे साहित्य होते. हे सगळे छापले गेले त्या दिवशी त्याची किंमत पैशाअर्ध्या पैशाची, आणि दुसऱ्या दिवशी तीही नाही. ज्याला बाजारात किंमत आहे ते टिकवायला श्रीमंत पुरेसे असतात. ज्याला किंमत नाही ते टिकवायला वेडी माणसे लागतात, आणि त्यांतही एकाच घरात दोघे वेडे असावे लागतात. एकच वेडा असला तर दुसऱ्याने दिवाळीच्या साफसफाईत सारे उरकलेच म्हणून समजा. येथे बसलेल्या भगिनी हसताहेत, त्यांना आमचे म्हणणे पटले आहे.

अशा चोपड्यांनी काय होते, असे कोणी विचारील. एकच उदाहरण देतो. १९२९ साली मीरत कटाचा खटला सुरू झाला. त्यात आपल्या गिरणगावचे डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर आरोपी होते, आणि त्यांच्या जोडीला स्प्रॅट, ब्रॅडली, हचिन्सन हे इंग्रजही. तो खटला चालू असताना मँचेस्टर-सॉलफर्डची कामगार पोरे रस्त्यावर 'मीरत' नावाचा छोटासा खेळ करीत. हातांतल्या काठ्या एकमेकींवर आडव्यातिडव्या धरून तुरुंगाचे गज उभे करायचे आणि गजांआडून बोलायचे. रंगमंच नाही, पडदा नाही. परळच्या कामगाराच्या कैदेची गोष्ट सॉलफर्डचा बेकार विणकर उभ्याउभ्या ऐकत होता! ज्या मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी मुंबईच्या गिरण्यांचा दुस्वास केला, त्याच मँचेस्टरात हे घडत होते. अशा खेळाचा पुरावा कोणत्या राजाच्या दप्तरात राहणार? तो राहतो अशाच दोन-चार पानांच्या चोपड्यांत.

आता आपल्याकडे वळू. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे नेले, १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली, हे आपण अभिमानाने सांगतो. हे आपल्याला कळते त्यात सरकारी अहवालांचा वाटा मोठा आहे. म्हणजे आमचा इतिहासही आम्ही समोरच्या पक्षाच्या कागदांतून वाचायचा! १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती. त्यांच्या फाटकसभांची पत्रके, चाळकमिट्यांचे हिशेब, गावाकडून आलेल्या धान्याच्या याद्या आज कोठे आहेत? गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. आमच्या माहितीतल्या एका युनियनचे कार्यालय हलवताना इतिवृत्तांच्या वह्या गोणीत भरून रद्दीवाल्याला वजनावर दिल्या गेल्या. वह्या देणारी माणसे काही दुष्ट नव्हती. नव्या जागेत कपाट एकच होते.

जागेची सबब खोटी नाही, हे आम्ही जाणतो. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे आणि वर गावचा पाहुणा, तेथे पुस्तक ठेवायचे तरी कोठे? गिरणगावच्या वाचकाने पुस्तक वाचनालयातून आणले, चाळीच्या कठड्यावर बसून वाचले आणि परत केले. त्याचे वाचन कोणाहून कमी नव्हते. फक्त त्याच्यामागे कपाट उरले नाही.

फ्रो पतिपत्नींकडे आख्खे घर होते, पण त्यांनाही जागेने गाठलेच. खोल्या भरल्या, आणि कोठूनकोठून अभ्यासू माणसे त्या घराचे दार ठोठावू लागली. निवृत्तीनंतर दोघे याच कामाला लागली. कामगारांच्या लढ्यांवर त्यांनी स्वतः पुस्तकेही लिहिली. मग त्यांनी जे केले ते आम्हांला सर्वांत कठीण वाटते. संग्रह विकला नाही, मृत्युपत्रात लिहून ठेवला नाही. हयातीतच सार्वजनिक केला. १९८७ साली सॉलफर्डच्या नगरपालिकेने जागा दिली आणि सारे ग्रंथ तिकडे गेले. ही इमारत पूर्वी परिचारिकांचे निवासस्थान होती. तिचे नाव ज्युबिली हाऊस, राणी व्हिक्टोरियाच्या महोत्सवावरून पडलेले. राणीच्या नावाच्या घरात बंडखोरांची पत्रके राहायला गेली, याचे एडमंडला हसू आले असेल.

ग्रंथांबरोबर ती दोघेही तेथेच राहायला गेली. आपले घर सोडून आपल्याच पुस्तकांचे शेजारी झाली. एडमंड १९९७ मध्ये गेला, रूथ २००८ मध्ये. 'वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररी' ह्या नावाने ते ग्रंथालय पुढेही चालू राहिले.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आमच्या युनियनच्या कचेरीत आम्ही एक लोखंडी कपाट मोकळे केले आहे. तूर्त त्यात दोन खण भरतील एवढेच कागद आहेत. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, वडिलांच्या जुन्या पिशवीत संपाचे पत्रक, युनियनची पावती, चाळकमिटीची वही असेल, तर ती फाटकी आहे म्हणून संकोच करू नये. सभा संपल्यावर आम्ही दाराशी उभे आहोत. ज्यांना मूळ कागद द्यायचा नसेल त्यांच्याकडून आम्ही त्याची प्रत करून घेऊ आणि कागद दुसऱ्या दिवशी घरपोच परत आणून देऊ.