पहिलीतलं मूल आणि तिसरी भाषा



आज बोलूया पहिलीच्या वर्गाबद्दल.
आणि तिथे येऊ पाहणाऱ्या तिसऱ्या भाषेबद्दल.

एप्रिल 2025.
महाराष्ट्र शासनाचा निर्णय आला.
मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत
पहिलीपासून हिंदी अनिवार्य.

राज्यभर विरोध झाला.
जूनमध्ये सुधारित निर्णय निघाला.
जून संपता संपता दोन्ही मागे घेतले गेले.
अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली गेली.

हिंदी आपल्याला परकी नाही.
प्रश्न मुलाच्या वयाचा आहे.

पहिलीतलं मूल जवळून पाहा.
पाटीवर ‘ळ’ गिरवताना त्याची जीभ ओठांबाहेर येते.
‘चाक’ मधला च वेगळा, ‘चार’ मधला वेगळा.
हे त्याच्या कानाला कळतं.
लिहायला मात्र अक्षर एकच.

समजा, आता त्यात हिंदी आली.
मराठीत ‘कवी’ची वेलांटी दीर्घ…
हिंदीत ऱ्हस्व.
लिपी तीच, नियम निराळे.
सहा वर्षांचं पोर गोंधळणारच.

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन भाषा सांगतं, हे खरं.
पण कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही,
हेही त्याच धोरणात आहे.
वादात हे वाक्य कुणी फारसं वाचत नाही.

म्हणून पुन्हा सांगते, प्रश्न वयाचा आहे.
आधी मराठी पक्की होऊ द्या.
हिंदी पाचवीत येऊ द्या.

पालकहो, आज रात्री मुलाला जवळ घ्या.
मराठीतली एक गोष्ट
त्याला मोठ्याने वाचून दाखवा.