‘उचलून नेऊ की!’



मराठी माणूस नाटकवेडा, असं आपण कौतुकानं म्हणतो. पण चाकांच्या खुर्चीवरचा नाटकवेडा आपल्या नाट्यगृहांत क्वचितच दिसतो. पुष्कळ ठिकाणी दारातच पायऱ्या असतात. विचारलं, तर उत्तर येतं, ‘‘काळजी करू नका, चौघं मिळून उचलून नेऊ की!’’ यात सद्भावना असते, हे मान्य. पण एखाद्या बाईंना चार अनोळखी पुरुषांनी भर गर्दीत उचलून नेलं, तर त्या पुन्हा नाटकाला येतील का? तिकीट तर त्यांनीही पूर्ण दरानं काढलेलं असतं.

उताराचं गणित साधं आहे. एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. जागा नाही म्हणून तो चार फुटांत उरकला, की त्याची घसरगुंडी होते. उतार नीट झाला, पण स्वच्छतागृहाचं दार अरुंद राहिलं, तर तीन तासांचं नाटक पाहायचं कसं? आत खुर्ची कुठं ठेवायची, हाही प्रश्नच. कडेची दोन आसनं काढून जागा केली, शेजारी सोबत्याची सोय ठेवली आणि ही जागा तिकीटविक्रीच्या प्लॅनवर दाखवली, तर खर्च फारसा नाही.

अर्थात अपंगत्व म्हणजे केवळ चाकांची खुर्ची नव्हे. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदले आहेत. सभागृहाभोवती तारेचं वेटोळं बसवलं, तर तशी सोय असलेल्या श्रवणयंत्रात माइकचा आवाज थेट पोहोचतो. दृष्टिहीन प्रेक्षकाला संवाद ऐकू येतात, पण शब्द नसताना सारं सभागृह का हसलं, ते कळत नाही. त्याच्या कानाशी, दोन संवादांमधल्या शांततेत, रंगमंचावर काय घडतंय ते सांगणारं कुणी हवं. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं वर्णन ज्यांनी ऐकलंय, त्यांना ही कला परकी वाटू नये.

इथवर आपण प्रेक्षकाचंच बोललो. मला अधिक खुपतं ते पुढचं. अपंग माणूस रंगमंचावर असेल, हे आपण गृहीतच धरत नाही. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन मराठी नाटकं उभी केली. तरीही उतार करायचा तो दर्शनी दाराशी. रंगपट आणि विंग यांच्यामधल्या पायऱ्या तशाच! रंगमंच तीन फूट उंच असेल, तर छत्तीस फुटांचा उतार लागेल. तेवढी जागा नसेल, तर छोटी लिफ्ट बसवावी लागेल. नेपथ्याचे अवजड पलंग आणि कपाटं आत नेण्याची वाट मात्र आपण आठवणीनं ठेवतो.

कायदा आपल्या बाजूनं आहे. कला अपंग व्यक्तींच्या आवाक्यात आणणं, त्यांना सहभाग घेता यावा म्हणून कलाविषयांचे अभ्यासक्रम बदलणं, हे २०१६च्या कायद्यानं सरकारवर सोपवलं आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ सालीच संपली. सुगमतेचे निकष निव्वळ शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४मध्ये बजावलं.

गावोगावच्या नाट्यगृहांचं नूतनीकरण अधूनमधून निघतंच. आराखडा मंजूर होण्याआधी चाकांच्या खुर्चीवरच्या एका माणसाला बोलवा. फाटकापासून तिकीट खिडकी, स्वच्छतागृह, रंगपट आणि थेट रंगमंचाच्या मध्यापर्यंत त्याला एकट्याला जाऊ द्या. जिथं तो अडेल, तिथं खडूनं खूण करा आणि मगच गवंड्याला बोलवा.